मोबाइल ॲपमधून ईमेल पाठवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अँड्रॉइड आणि आयओएसवर ॲप बनवणाऱ्या डेव्हलपरसाठी लिहिले आहे. अभिप्राय, तक्रार, पावती, पडताळणीचा कोड अशा अनेक कारणांसाठी ॲपमधून ईमेल पाठवावा लागतो आणि हे काम वरवर दोन ओळींचे वाटते. प्रत्यक्षात त्यात सुरक्षिततेचे असे काही प्रश्न आहेत की ज्यांचा विचार ॲप प्रसिद्ध करण्यापूर्वीच व्हायला हवा.

ॲपमधून ईमेल पाठवण्याचे मार्ग कोणते, आणि त्यांतला कोणता निवडावा?

मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे वापरकर्त्याच्या फोनमधले मेल ॲप तयार मजकुरासह उघडून देणे; पाठवण्याचे बटण तो स्वतः दाबतो. दुसरा म्हणजे ॲपने स्वतःच एसएमटीपी (मेल पाठवण्याची प्रमाण पद्धत) सर्व्हरशी जोडणी करून मेल पाठवणे. तिसरा म्हणजे ॲपने तुमच्या सर्व्हरला विनंती करणे आणि सर्व्हरने मेल पाठवणे.

निवड करताना सोय पाहण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हा मेल कोणाच्या नावाने जाणार आहे? तो वापरकर्त्याच्या नावाने जाणार असेल, तर तो त्याच्या मेल ॲपमधून, त्याच्या डोळ्यांसमोर जायला हवा. तो तुमच्या किंवा तुमच्या संस्थेच्या नावाने जाणार असेल, तर तो तुमच्या ताब्यातल्या सर्व्हरवरून जायला हवा. या उत्तरातून पहिला किंवा तिसरा मार्ग आपोआप ठरतो. दुसरा मार्ग जवळजवळ कोणत्याच सार्वजनिक ॲपसाठी योग्य नाही. त्याची कारणे पुढे सविस्तर दिली आहेत, कारण सर्वाधिक लोक नेमके तिथेच वळतात.

अँड्रॉइडवर मेल ॲप तयार मजकुरासह कसे उघडायचे?

यासाठी ‘ॲक्शन सेंडटू’ हा इंटेंट, म्हणजे दुसऱ्या ॲपला काम सांगणारी विनंती, वापरावा आणि त्याच्या डेटामध्ये ‘मेलटू’ योजनेचा, म्हणजे ‘mailto:’ने सुरू होणारा, पत्ता द्यावा. असे केल्यास ‘मेलटू’ हाताळू शकणारी ॲप्सच, म्हणजे मुख्यतः मेल ॲप्सच, पुढे येतात. अनेक ठिकाणी ‘ॲक्शन सेंड’ वापरून प्रकार म्हणून साधा मजकूर दिलेला आढळतो. मग निवडीच्या यादीत मेसेजिंगची, नोंदवहीची, ब्लूटूथची अशी सगळीच ॲप्स दिसू लागतात, कारण त्या इंटेंटचा अर्थच ‘हा मजकूर कुठेही शेअर करा’ असा होतो.

पत्ते, विषय आणि मजकूर वेगवेगळ्या एक्स्ट्रामध्ये, म्हणजे इंटेंटसोबतच्या माहितीच्या रकान्यांत, दिले जातात. यात एक बारकावा हमखास नजरेतून सुटतो. पत्त्यांचा एक्स्ट्रा स्ट्रिंगच्या ॲरेची अपेक्षा करतो, त्यामुळे पत्ता एकच असला तरी तो ॲरेमध्येच द्यावा लागतो. साधी स्ट्रिंग दिली तर कोणतीही चूक दाखवली जात नाही, मेल ॲपही व्यवस्थित उघडते, विषय आणि मजकूर जागेवर असतात, पण ‘प्रति’चा रकाना रिकामा राहतो.

फोनमध्ये मेल ॲप असूनही ‘मेल ॲप सापडले नाही’ असा संदेश का येतो?

अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे एपीआय पातळी ३० पासून, फोनमध्ये इतर कोणती ॲप्स आहेत हे कोणत्याही ॲपला सरसकट दिसत नाही. त्यामुळे इंटेंट सुरू करण्यापूर्वी तो हाताळणारे ॲप आहे का, हे तपासणारा जुना कोड ‘नाही’ असे उत्तर देतो आणि ॲप वापरकर्त्याला चुकीची माहिती दाखवते. मॅनिफेस्टमधील (ॲपची मूळ माहिती सांगणाऱ्या फाइलमधील) ‘क्वेरीज’ या घटकात ‘मेलटू’ योजनेसह ‘सेंडटू’ इंटेंट जाहीर केला की ही तपासणी पुन्हा नीट चालते. त्याहून सोपा आणि आमच्या मते अधिक चांगला उपाय असा की पूर्वतपासणी करूच नये. इंटेंट थेट सुरू करावा आणि हाताळणारे ॲप न मिळाल्यास येणारे एक्सेप्शन पकडून त्या वेळी पत्ता कॉपी करण्याची सोय द्यावी.

मेलला फाइल जोडली तर ती पोहोचत का नाही?

‘सेंडटू’ हा इंटेंट मुळात अटॅचमेंटसाठी नाही. एक फाइल असेल तर ‘ॲक्शन सेंड’ आणि अनेक फाइली असतील तर ‘ॲक्शन सेंड मल्टिपल’ वापरावा लागतो. मग यादी पुन्हा लांबते. ती फक्त मेल ॲप्सपुरती ठेवायची असेल, तर या इंटेंटचा सिलेक्टर म्हणून ‘मेलटू’चा ‘सेंडटू’ इंटेंट लावावा.

दुसरी अडचण फाइलच्या पत्त्याची आहे. तुमच्या ॲपच्या खासगी फोल्डरमधली फाइल दुसऱ्या ॲपला वाचताच येत नाही आणि अँड्रॉइड ७.० पासून थेट फाइल-पत्ता दुसऱ्या ॲपकडे सोपवला की एक्सेप्शन येऊन ॲप बंद पडते. त्यासाठी फाइलप्रोव्हायडर वापरावा: मॅनिफेस्टमध्ये त्याची नोंद करावी, कोणते फोल्डर उघडे करायचे ते वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहावे, त्यातून मिळणारा ‘कंटेंट’ पत्ता इंटेंटमध्ये द्यावा आणि वाचनाची तात्पुरती परवानगी देणारा फ्लॅग लावावा. संपूर्ण खासगी फोल्डर उघडे करण्याऐवजी फक्त पाठवायच्या फाइलींसाठी एक वेगळे उपफोल्डर करावे, कारण त्या एक्सएमएलमध्ये दाखवलेला ढिलेपणा पुढे कोणत्याही इंटेंटमधून बाहेर डोकावू शकतो.

आकाराचाही हिशोब ठेवावा. मेलमधील अटॅचमेंट बेस६४ पद्धतीने मजकुरात बदलली जाते आणि त्यामुळे ती सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, म्हणून १८ एमबीची फाइलसुद्धा त्या मर्यादेच्या अगदी काठावर जाते. मोठी फाइल सर्व्हरवर चढवून मेलमध्ये मुदतीची लिंक देणे केव्हाही बरे.

आयओएसवर हेच काम कसे होते?

आयओएसमध्ये मेसेजयूआय या फ्रेमवर्कमधला मेल कंपोज व्ह्यू कंट्रोलर वापरला जातो. तो ॲपच्या आतच मेल लिहिण्याची खिडकी उघडतो, त्यात एचटीएमएल मजकूर आणि अटॅचमेंट दोन्ही देता येतात आणि वापरकर्ता ॲपच्या बाहेर जात नाही. मात्र तो दाखवण्यापूर्वी ‘कॅन सेंड मेल’ ही तपासणी केलीच पाहिजे, नाहीतर खाते जोडलेले नसलेल्या फोनवर ॲप कोसळू शकते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही खिडकी ॲपलच्या मेल ॲपमध्ये जोडलेली खाती वापरते. आयओएस १४ पासून वापरकर्त्याला दुसरे मेल ॲप मुख्य म्हणून निवडता येते, पण ज्याने फक्त तसे दुसरे ॲप ठेवले आहे आणि ॲपलच्या मेलमध्ये खाते जोडलेलेच नाही, त्याच्या फोनवर वरील तपासणी नकारच देते. अशा वेळी वापरकर्त्याला चुकीचा संदेश न दाखवता ‘मेलटू’ लिंक उघडावी. ती त्याने निवडलेल्या मेल ॲपमध्ये जाते. सिम्युलेटरवर मेल पाठवण्याची चाचणी होत नाही, त्यासाठी खरा फोनच हवा. खिडकी बंद करण्याची जबाबदारीही तुमचीच आहे: डेलिगेट (खिडकीतला निकाल स्वीकारणारा ऑब्जेक्ट) नेमला नाही, तर वापरकर्त्याने ‘रद्द करा’ दाबूनही खिडकी जागची हलत नाही.

‘मेलटू’ लिंकमधून गेलेल्या विषयात शब्दांमध्ये अधिकची चिन्हे का दिसतात?

वेबवरील फॉर्मच्या पद्धतीत रिकाम्या जागेऐवजी अधिकचे चिन्ह लिहितात आणि अनेक भाषांमधली तयार फंक्शन्स हीच पद्धत पाळतात. जावाचा यूआरएल एन्कोडर तसे करतो, डार्टमधील क्वेरी पॅरामीटरसुद्धा तसेच करतात. ‘मेलटू’च्या नियमांत मात्र अधिकचे चिन्ह हे अधिकचेच चिन्ह असते. त्यामुळे ‘ॲप+बंद+पडते’ असा विषय समोर येतो. रिकाम्या जागेसाठी टक्का-दोन-शून्य आणि नव्या ओळीसाठी टक्का-शून्य-डी, टक्का-शून्य-ए ही जोडी लागते. अँड्रॉइडवर यूआरआय वर्गातील एन्कोड हे फंक्शन वापरल्यास हे सारे नीट होते.

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो वा हलन्त, ३ बाइट घेते आणि लिंकमध्ये त्या प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. म्हणजे एकेका चिन्हाला ९ अक्षरांची जागा लागते, आणि मराठीतला मध्यम लांबीचा मजकूरही लिंकमध्ये अवाढव्य होतो. म्हणून ‘मेलटू’मध्ये विषय आणि दोन-चार ओळी एवढेच ठेवावे.

वापरकर्त्याने मेल खरोखर पाठवला की नाही, हे ॲपला कळते का?

अँड्रॉइडवर कळत नाही. इंटेंटमधून परत येणाऱ्या निकालावर विसंबता येत नाही, कारण तो देण्याचे बंधन मेल ॲपवर नाही. आयओएसवर रद्द, मसुदा जतन, पाठवला आणि अयशस्वी असे चार निकाल मिळतात, परंतु ‘पाठवला’ याचा अर्थ मेल आउटबॉक्समध्ये ठेवला इतकाच असतो. त्यामुळे ‘तुमची तक्रार आम्हाला मिळाली’ असे वाक्य या मार्गाने कधीही दाखवू नये. ज्या कामात पोहोच महत्त्वाची आहे, ते काम सर्व्हरकडे द्यावे.

वापरकर्त्याला काहीही न दाखवता त्याच्याच खात्यातून मेल पाठवता येतो का?

अँड्रॉइडमध्ये एसएमएस पाठवण्यासाठी स्वतंत्र परवानगी आहे, तशी मेलसाठी नाही, आयओएसमध्येही नाही. ही उणीव मानू नये, तो वापरकर्त्याचा बचाव आहे. जीमेलसारख्या सेवांचे स्वतःचे एपीआय आहेत आणि ओऑथ २.० (पासवर्ड न देता अधिकार देण्याची पद्धत) द्वारे वापरकर्त्याने स्पष्ट संमती दिली तर त्याच्या वतीने मेल पाठवता येतो. पण जीमेलमध्ये ‘फक्त पाठवणे’ हा अधिकारसुद्धा संवेदनशील गटात मोडतो आणि त्यासाठी गूगलकडून ॲपची पडताळणी करून घ्यावी लागते. तुमचे ॲप स्वतःच मेल ॲप असेल, तर हा खटाटोप सार्थ आहे. अभिप्रायाच्या एका फॉर्मसाठी कोणाच्या मेल खात्याचा अधिकार मागणे योग्य नाही.

ॲपमध्येच एसएमटीपी लायब्ररी घालून आणि एक वेगळे मेल खाते काढून मेल पाठवले तर काय बिघडते?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर नीट समजून घेणे आवश्यक आहे. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. जावामेलची अँड्रॉइडसाठीची आवृत्ती मिळते, फ्लटरसाठी मेलर नावाचे पॅकेज आहे, आणि सर्व्हरचे नाव, पोर्ट, पत्ता आणि पासवर्ड दिला की मेल जातो. पहिल्या चाचणीत सगळे उत्तम चालते, म्हणूनच हा मार्ग मोहात पाडतो.

अडचण पासवर्डची आहे. तो ॲपमध्ये आहे आणि ॲप प्रत्येक वापरकर्त्याच्या हातात आहे. एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची इन्स्टॉल होणारी फाइल, ही शेवटी एक झिप फाइल असते. ती जेडॅक्ससारख्या मोफत साधनात उघडली की डाव्या बाजूला पॅकेजची झाडासारखी यादी दिसते आणि शोधाच्या चौकटीत ‘एसएमटीपी’ किंवा ‘पासवर्ड’ एवढे टाइप केले की संबंधित ओळ समोर येते: होस्टचे नाव, त्याखाली पत्ता आणि त्याखाली अवतरणचिन्हांत पासवर्ड, जसा तुम्ही लिहिला तसाच. यासाठी फोन रूट करावा लागत नाही की विशेष कौशल्य लागत नाही.

तो पासवर्ड ज्याच्या हाती लागतो, त्याला तुमच्या नावाने कोणालाही मेल पाठवता येतो. बहुतेक सेवांमध्ये त्याच पासवर्डने इनबॉक्सही उघडतो, म्हणजे इतर वापरकर्त्यांनी पाठवलेल्या तक्रारी, त्यांचे पत्ते, त्यांची जोडलेली छायाचित्रे हे सगळे उघड्यावर येते. त्यांनी विश्वासाने लिहिलेला मजकूर असा कोणाच्याही हाती पडू देण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय गैरवापर लक्षात आल्यावर तुम्ही पासवर्ड बदललात, तर आधीच वितरित झालेल्या सगळ्या आवृत्त्यांमधील मेल एकाच क्षणी बंद पडतो आणि जोपर्यंत प्रत्येकजण ॲप अद्ययावत करत नाही, तोपर्यंत तो बंदच राहतो.

पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवला, कोड गुंतागुंतीचा केला किंवा ॲप सुरू होताना पासवर्ड सर्व्हरवरून मागवला तर?

आर८ किंवा प्रोगार्ड ही कोड अस्पष्ट करणारी साधने वर्गांची आणि फंक्शनची नावे बदलतात, स्ट्रिंग लपवत नाहीत. पासवर्ड सांकेतिक केला तर तो उलगडण्याची किल्लीही ॲपमध्येच असावी लागते. नेटिव्ह लायब्ररीत ठेवला तर शोधायला थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच. रिमोट कॉन्फिगमधून, म्हणजे सर्व्हरवरच्या सेटिंगमधून, मागवला तर तो ॲपच्या मेमरीत येतो आणि ज्याच्या हातात फोन आहे, त्याला तो तिथे वाचता येतो. या सर्व उपायांत मूळ परिस्थिती बदलत नाही: जे गुपित वापरण्यासाठी ॲपला कळावे लागते, ते फोनच्या मालकालाही कळू शकते. मेल पाठवणाऱ्या सेवांच्या एपीआय कीलाही हाच नियम लागू आहे. सेंडग्रिड, मेलगन किंवा ॲमेझॉन एसईएस यांच्या की सर्व्हरसाठी असतात, ॲपमध्ये घालण्यासाठी नसतात.

जीमेलचा पासवर्ड बरोबर असूनही सर्व्हर ५३५ हा क्रमांक का देतो?

५३५ म्हणजे ओळख पटवण्याची पायरी फसली. जुन्या लेखांमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कमी सुरक्षित ॲप्स’ना मुभा देण्याचा सल्ला दिलेला असतो, पण वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती सोय ३० मे २०२२ पासून बंद केली. आता दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो किंवा ओऑथ वापरावे लागते. हे उत्तर स्वतःच्या संगणकावरील किंवा सर्व्हरवरील प्रोग्रामसाठी आहे. ॲप पासवर्डच्या नावात ‘ॲप’ असले तरी तो लोकांना वाटायच्या ॲपमध्ये घालू नये, कारण तो तुमच्या संपूर्ण मेल खात्याची दारे उघडतो.

२५, ४६५ आणि ५८७ यांपैकी कोणता पोर्ट वापरावा?

पोर्ट २५ हा सर्व्हर-सर्व्हरमधील देवाणघेवाणीसाठी आहे आणि अनेक नेटवर्कवर तो अडवलेला असतो. मेल सोपवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ वापरावा. ४६५ वर जोडणी सुरुवातीपासूनच टीएलएसमध्ये, म्हणजे सांकेतिक रूपात, असते. ५८७ वर ती साधी सुरू होऊन स्टार्टटीएलएस या आज्ञेनंतर सुरक्षित होते. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात पहिल्या प्रकाराला पसंती दिली आहे. ५८७ साठीची सेटिंग ४६५ ला लावली की जोडणी काहीही न सांगता ताटकळत राहते आणि शेवटी मुदत संपते. हे लक्षण दिसले तर आधी पोर्ट आणि टीएलएसचा प्रकार यांची जोडी तपासावी.

मग सर्व्हरमार्फत मेल पाठवण्याची रचना कशी असावी?

ॲपने सर्व्हरच्या एका एंडपॉइंटला, म्हणजे विनंती स्वीकारणाऱ्या पत्त्याला, एचटीटीपीएस विनंती पाठवावी, सर्व्हरने ती तपासावी, रांगेत टाकावी आणि ॲपला लगेच उत्तर द्यावे. प्रत्यक्ष मेल रांगेतून वेगळ्या प्रक्रियेने जावा. मेल सेवेची की फक्त सर्व्हरवर असते, त्यामुळे ती केव्हाही बदलता येते आणि ॲपची नवी आवृत्ती काढावी लागत नाही.

या रचनेत लोक एक मोठी फट ठेवतात. एंडपॉइंट असा लिहिला जातो की ॲप त्याला प्राप्तकर्ता, विषय आणि मजकूर असे तिन्ही पाठवते आणि सर्व्हर निमूटपणे ते पुढे ढकलतो. पासवर्ड लपला खरा, पण विनंती कशी जाते हे पाहणाऱ्या कोणालाही तुमच्या नावाने हवे ते मेल पाठवण्याची सोय तशीच राहिली. ॲपने फक्त हेतू सांगावा, जसे की ‘या ऑर्डरची पावती पाठव’. कोणाला पाठवायची, विषय काय, साचा कोणता, हे सर्व्हरने आपल्या नोंदींतून ठरवावे. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये मजकूर वापरकर्त्याचा असतो, पण प्राप्तकर्ता तिथेही सर्व्हरवरच पक्का केलेला असावा.

त्याच्या जोडीला लॉगिनचे टोकन, प्रति वापरकर्ता आणि प्रति आयपी मर्यादा, तसेच विनंती तुमच्याच ॲपमधून आली आहे का हे पाहणारी प्ले इंटिग्रिटी किंवा ॲप अटेस्टसारखी तपासणी ठेवावी. वापरकर्त्याने दिलेले नाव किंवा विषय मेलच्या शीर्षभागात जाणार असेल, तर त्यातील नव्या ओळीची चिन्हे काढून टाकावीत. अन्यथा नावाच्या रकान्यात नवी ओळ घालून त्यापुढे ‘बीसीसी’ आणि शेकडो पत्ते लिहिणे शक्य होते.

माझ्याकडे सर्व्हर नाही. तरीही हे जमेल का?

जमेल. क्लाउड फंक्शन ही सोय नेमकी अशाच कामासाठी आहे: एकच फंक्शन लिहायचे, की गुपितांच्या व्यवस्थापकात ठेवायची आणि ॲपने ते फंक्शन बोलवायचे. फायरबेसमध्ये ‘ट्रिगर ईमेल’ हे विस्तारकही मिळते. फायरस्टोअर या डेटाबेसच्या ठरावीक संग्रहात दस्तऐवज लिहिला की तो मेल म्हणून जातो. मात्र त्या संग्रहात ॲपला थेट लिहू दिले, तर वर सांगितलेली फट पुन्हा उघडते. तो संग्रह ॲपसाठी बंद ठेवावा आणि त्यात फंक्शननेच लिहावे.

पडताळणीचा कोड ॲपमध्येच तयार करून मेलने पाठवला तर चालेल का?

नाही. ॲपने सहा अंकी आकडा तयार केला, मेलने पाठवला आणि वापरकर्त्याने टाइप केलेल्या आकड्याशी स्वतःच ताडून पाहिला, तर पडताळणी झालीच नाही. कोड ॲपच्या मेमरीत आहे आणि तुलनेचा निकालही ॲपच देते. त्यामुळे दुसऱ्याच्या पत्त्याने खाते उघडू पाहणाऱ्याला तो मेल वाचण्याची गरजच उरत नाही. कोड सर्व्हरवर, गुप्ततेसाठी योग्य अशा यादृच्छिक-संख्या जनकाने तयार करावा, त्याचा हॅश, म्हणजे एकमार्गी सांकेतिक रूप, मुदतीसह साठवावा, चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घालावी आणि तुलना सर्व्हरनेच करावी. एंडपॉइंटच्या उत्तरात, अगदी चाचणीच्या सोयीसाठीसुद्धा, कोड परत पाठवू नये. तशी सोय प्रसिद्ध आवृत्तीतही राहून गेलेली अनेकदा आढळते.

‘कडून’ या रकान्यात वापरकर्त्याचा पत्ता घालावा का?

घालू नये. तुमच्या सर्व्हरवरून निघालेला मेल दुसऱ्या डोमेनच्या नावाने जात असेल, तर प्राप्तकर्त्याच्या दृष्टीने तो बनावट असतो. एसपीएफ सांगते की या डोमेनसाठी मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. डीकेआयएम मेलवर डोमेनची सही करते. आणि डीमार्क ‘कडून’मधले डोमेन या दोन्हींपैकी एकाशी तरी जुळते का, हे पाहून न जुळल्यास काय करायचे ते ठरवते. याहूने २०१४ मध्येच आपल्या पत्त्यांसाठी असे न जुळणारे मेल नाकारण्याचे धोरण जाहीर केले. म्हणून ‘कडून’मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता असावा आणि वापरकर्त्याचा पत्ता ‘उत्तर पाठवा’, म्हणजे रिप्लाय-टू या शीर्षात द्यावा. उत्तर बरोबर त्यालाच जाते.

मेल स्पॅममध्ये जातात, त्याला काय करावे?

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या वरील तिन्ही नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) नीट आहेत का, हे आधी पाहावे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांना दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी बंधनकारक आहेत, जाहिरातपर मेलमध्ये एका क्लिकवर नोंदणी रद्द करण्याची सोय हवी आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवे. पावत्या आणि कोड यांचे मेल जाहिरातींपासून वेगळ्या उपडोमेनवरून पाठवावेत, म्हणजे जाहिरातींवरच्या तक्रारींचा फटका कोडच्या मेलना बसत नाही.

सेवेने ‘यशस्वी’ असे उत्तर दिले, तरी मेल पोहोचला नाही असे कसे होते?

एसएमटीपीमधील २५० या उत्तराचा अर्थ ‘मेल स्वीकारला’ असा आहे, ‘वाचणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये ठेवला’ असा नाही. पुढचा सर्व्हर नंतर तो नाकारू शकतो. ४ ने सुरू होणारे क्रमांक तात्पुरत्या अडचणीचे असतात आणि त्यांवर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. ५ ने सुरू होणारे कायमचे असतात. ५५० आलेल्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा मेल पाठवत राहिल्यास तुमच्या डोमेनची पत घसरते. परत आलेल्या मेलची खबर सेवांच्या वेबहुकमधून, म्हणजे सेवेने तुमच्या सर्व्हरला आपोआप पाठवलेल्या सूचनेतून, घ्यावी आणि असे पत्ते वेगळ्या यादीत टाकावेत.

नेटवर्क नसताना दाबलेले ‘पाठवा’ वाया जाऊ नये आणि तोच मेल दोनदाही जाऊ नये, यासाठी काय करावे?

वापरकर्त्याचा मजकूर आधी फोनवरच्या डेटाबेसमध्ये साठवावा आणि मग पाठवण्याचे काम, नेटवर्क असण्याच्या अटीसह, अँड्रॉइडवर वर्कमॅनेजरकडे द्यावे. आयओएसवर पार्श्वभूमीतील यूआरएल सेशन वापरता येते. लांब लिहिलेली तक्रार ‘पुन्हा प्रयत्न करा’ या एका संदेशाबरोबर नाहीशी होणे हा वापरकर्त्याच्या वेळेचा अनादर आहे.

दोनदा मेल जाण्याचे कारण बहुधा असे असते: विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते, मेल रांगेत पडतो, पण उत्तर परत येताना जोडणी तुटते. ॲपला वाटते की काम झाले नाही, म्हणून ते पुन्हा पाठवते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मजकुराला फोनवरच एक यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा ओळख-क्रमांक, द्यावा, पुनःप्रयत्नातही तोच पाठवावा आणि सर्व्हरने आधी पाहिलेला यूयूआयडी दिसला की नवा मेल न काढता जुनेच उत्तर द्यावे. हा यूयूआयडी मजकूर साठवतानाच तयार व्हायला हवा. तो विनंती पाठवताना तयार केला, तर प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळतो आणि सारी योजना निरुपयोगी ठरते.

मराठीतील विषयाऐवजी प्रश्नचिन्हे का दिसतात?

मेलचे शीर्षभाग मूळ नियमांनुसार फक्त आस्की अक्षरांचे, म्हणजे इंग्रजी अक्षरे, अंक आणि साध्या चिन्हांचे, असतात. देवनागरी विषय एमआयएमई या मेलच्या मानकाच्या पद्धतीने, यूटीएफ-८ असल्याचे सांगून, सांकेतिक रूपात लिहावा लागतो. चांगली लायब्ररी हे स्वतः करते, फक्त विषय ठेवताना यूटीएफ-८ नमूद करावे लागते. शीर्षभाग हाताने स्ट्रिंग जोडून बनवला असेल, तर बिघाड तिथेच आहे. मुख्य मजकुराच्या प्रकारातही यूटीएफ-८ लिहिलेले असावे.

अभिप्रायाबरोबर फोनची माहिती आणि लॉग आपोआप जोडावेत का?

ॲपची आवृत्ती, फोनचे मॉडेल आणि ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती या तीन ओळी अत्यंत उपयोगी असतात आणि त्या मजकुराच्या शेवटी वापरकर्त्याला दिसतील अशा ठेवाव्यात. लॉगबाबत मात्र परवानगी विचारावी, कारण त्यांत टोकन, पत्ते आणि शोधलेले शब्द सहज सापडतात. लॉग जोडण्यापूर्वी ते गाळून घ्यावेत, वापरकर्त्याला ते उघडून पाहता यावेत, आणि जी माहिती गोळा होते ती प्ले स्टोअरच्या डेटा सुरक्षितता विभागात व ॲप स्टोअरच्या गोपनीयता तपशिलांत जाहीर करावी.

चाचणी करताना खऱ्या लोकांना मेल जाऊ नयेत, यासाठी काय सोय आहे?

मेलहॉग किंवा मेलट्रॅप यांसारखी साधने एसएमटीपी सर्व्हरसारखी वागतात, मेल स्वीकारतात, पण पुढे पाठवत नाहीत. तो मेल तुम्हाला ब्राउझरमध्ये शीर्षभागासह पाहता येतो. ॲमेझॉन एसईएसची नवी खाती तर सुरुवातीला सँडबॉक्समध्येच असतात आणि फक्त पडताळलेल्या पत्त्यांनाच, २४ तासांत २०० पर्यंत मेल पाठवू देतात. चाचणीच्या आवृत्तीत सर्व्हरचा पत्ता बिल्डच्या प्रकारानुसार बदलावा आणि खऱ्या मेल सेवेची की चाचणीच्या सर्व्हरवर ठेवूच नये.